अडत्याच्या आवारातली गाडी: अमेरिकेत कन्साइनमेंटवरची जुनी मोटरहोम घेताना

मार्केट यार्डात कांदा अडत्याच्या गाळ्यावर उतरला म्हणून तो अडत्याचा होत नाही. माल शेतकऱ्याचाच. अडत्या गिऱ्हाईक गाठून देतो, आपली अडत कापून घेतो आणि उरलेल्या रकमेची पट्टी करून देतो. अमेरिकेत जुनी मोटरहोम, म्हणजे राहायची सोय असलेली गाडी, ‘कन्साइनमेंट’वर विकली जाते तो व्यवहार अगदी याच घाटणीचा. डीलरच्या आवारात किमतीची पाटी लावून उभी असलेली गाडी डीलरची नसते. ती एखाद्या निवृत्त जोडप्याची असते, आणि कर्ज फिटलं नसेल तर त्यांच्याही आधी त्यांच्या बँकेची.

भाड्याच्या आरव्हीतून, म्हणजे अशाच घरवाल्या गाडीतून, एकदा यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यन करून आलं की अमेरिकेतल्या बऱ्याच मराठी घरांत स्वतःची गाडी घ्यायचा विषय निघतो. नव्या गाडीचे आकडे पाहिले की नजर जुन्याकडे वळते, आणि बऱ्या स्थितीतल्या जुन्या गाड्यांपैकी पुष्कळ कन्साइनमेंटवर उभ्या असतात. मालकाला अनोळखी लोकांना घरी बोलवायचं नसतं, डीलरला भांडवल न गुंतवता माल मिळतो, आणि तुम्हाला कर्ज, नोंदणी वगैरे एका छताखाली मिळतं. व्यवहार वाईट नाही. पण यात मालक एक, विकणारा दुसरा आणि बोजा धरून बसलेली बँक तिसरी, हे विसरलं की घात होतो.

डीलरची कमाई दोन प्रकारे ठरते. एकात विक्रीच्या किमतीवर टक्केवारी किंवा ठरावीक रक्कम. दुसऱ्यात मालक सांगतो, ‘माझ्या हातात एवढे पडले पाहिजेत,’ आणि त्यावर जे सुटेल ते डीलरचं. उदाहरण धरू. मालकाला हातात ५२,००० डॉलर हवेत, त्यातून त्याच्या बँकेचे ३८,००० फेडायचे आहेत, आणि पाटीवर ६४,९०० लिहिलंय. म्हणजे वरचे १२,९०० ही डीलरची ऐसपैस जागा. तिथपर्यंत घासाघीस डीलर स्वतःच्या अधिकारात करतो. त्याखाली जायचं तर त्याला मालकाला फोन लावावा लागतो. म्हणून ‘गाडी इथे कधीपासून उभी आहे?’ हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. हे करार बहुतेकदा ठरावीक मुदतीचे असतात, ९० दिवसांचे पुष्कळ. मुदत संपत आली की हप्ता आणि विमा भरून कंटाळलेला मालक खाली यायला तयार होतो. परवा आलेल्या गाडीवर तो एक डॉलर सोडत नाही.

कागद आधी, गाडी नंतर

लोक गाडीच्या प्रेमात पडतात आणि कागद शेवटच्या दिवशी बघतात. कन्साइनमेंटमध्ये क्रम उलटा हवा, कारण गळकं छप्पर पैसे टाकून दुरुस्त होतं, पण अडकलेलं टायटल महिनोन्‌महिने सुटत नाही.

टायटल म्हणजे गाडीचा सातबारा समजा. मालकाचं नाव त्यावर असतं, आणि कर्ज असेल तर बँकेचा बोजाही त्यावरच. तिकडे त्याला लीन म्हणतात. वरच्या उदाहरणात सौदा ६०,००० ला ठरला. तुम्ही सगळी रक्कम डीलरला दिली. त्यातले ३८,००० बँकेला, १४,००० मालकाला आणि ८,००० डीलरला, अशी पट्टी व्हायला हवी. धंदा नीट चालला असेल तर होतेही. पण डीलरचा हात आखडला असेल तर तो तुमच्या पैशांतून गेल्या महिन्यात विकलेल्या गाडीचं देणं भागवतो, आणि तुमच्या गाडीचं देणं पुढच्या गिऱ्हाइकावर ढकलतो. या टोपी फिरवण्याला तिथल्या धंद्यात ‘सोल्ड आउट ऑफ ट्रस्ट’ असं नावच आहे. साखळी तुटते त्या दिवशी ज्याची गाडी मध्ये सापडली तो बुडतो. बँकेला पैसे पोचलेले नसतात, म्हणून ती बोजा उतरवत नाही. बोजा उतरत नाही म्हणून टायटल तुमच्या नावावर होत नाही. कागदी तात्पुरत्या नंबरप्लेटची मुदत संपते, आणि तुम्ही रस्त्यावर आणता येत नाही अशा गाडीचे हप्ते भरत बसता.

कायदा इथे अर्धाच मदतीला येतो. बहुतेक राज्यांत लागू असलेल्या युनिफॉर्म कमर्शियल कोड या व्यापारी कायद्याचं कलम २-४०३ सांगतं की मालकाने आपण होऊन माल अशाच मालाचा धंदा करणाऱ्याच्या ताब्यात दिला आणि तुम्ही तो सचोटीने, रीतसर विकत घेतला, तर मालकाचे हक्क तुम्हाला मिळतात. म्हणजे डीलरने मालकाला बुडवलं तरी मालकाची बाजू लंगडी पडते. पण मालकाचे हक्क मिळतात याचा अर्थ त्या हक्कांवरचा बोजाही सोबत येतो. बँकेने गाडी डीलरकडे ठेवलेली नव्हती, तिचा लीन कायम राहतो. हे बारीक अंतर फार कमी खरेदीदारांना माहीत असतं, आणि खरं नुकसान नेमकं तिथेच होतं.

म्हणून इसार देण्याआधी चार कागद मागा. पहिला, मालक आणि डीलर यांच्यातला कन्साइनमेंट करार. रकमा झाकून दिला तरी चालेल, पण विकण्याचा अधिकार, मुदत, मालकाचं नाव आणि १७ अक्षरी व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, दिसलं पाहिजे. मुदत उलटून गेलेली असेल तर नवी सही झाल्याशिवाय पुढे सरकू नका. दुसरा, टायटलची दोन्ही बाजूंची प्रत. काही राज्यांत कर्ज असेपर्यंत टायटल फक्त इलेक्ट्रॉनिक नोंद म्हणून असतं. तसं असेल तर त्या नोंदीचा पुरावा मागा. तिसरा, बँकेचं पेऑफ पत्र. त्यात कर्ज पूर्ण फेडायला लागणारी रक्कम, ती कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे आणि त्यापुढे रोज किती व्याज चढेल, हे तिन्ही लिहिलेलं असतं. चौथा, एनएमव्हीटीआयएस अहवाल. हे अमेरिकी न्याय खात्याच्या देखरेखीखालचं वाहन-नोंदींचं जाळं आहे. गाडी कधी विमा कंपनीने निकालात काढली का, भंगारात गेली का, दुसऱ्या राज्यात नेऊन टायटलवरचा शिक्का पुसला गेला का, हे थोड्या डॉलरांत कळतं. सप्टेंबर २०२२ च्या इयन वादळात फ्लोरिडात पाण्याखाली गेलेल्या गाड्यांच्या बाबतीत हा अहवाल विशेष कामाचा.

सह्यांकडेही बघा. टायटलवर नवरा-बायकोच्या नावांमध्ये ‘अँड’ असेल तर दोघांच्या सह्या लागतात. ‘ऑर’ असेल तर बऱ्याच राज्यांत एकाची पुरते. मालक वारलेला असेल तर वारसाच्या अधिकाराचा न्यायालयीन कागद हवा, गाडी ट्रस्टच्या नावावर असेल तर ट्रस्टीची सही हवी. डीलर मालकाच्या वतीने सही करणार असेल तर मुखत्यारपत्राची मूळ प्रत डोळ्यांनी पाहा.

आणि पैसे द्यायचे ते दोन चेकने. एक थेट बँकेच्या नावे, पेऑफच्या आकड्याचा, कर्ज खाते क्रमांक घालून. दुसरा उरलेल्या रकमेचा डीलरला. डीलर म्हणेल की आमच्याकडे अशी पद्धत नाही. त्यावर एस्क्रो सुचवा, म्हणजे टायटल मोकळं होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे. तेही नको असेल तर दुसरी गाडी बघा. तुम्ही स्वतः क्रेडिट युनियनकडून, म्हणजे तिकडच्या पतसंस्थेकडून, कर्ज घेणार असाल तर इथे ते ढालीसारखं कामाला येतं. आपला बोजा टायटलवर पहिला चढावा यात त्यांचा स्वार्थ असतो, म्हणून जुना बोजा उतरवून घेण्याची काळजी तेही करतात. हातात रोख असूनही काही जाणकार म्हणूनच थोडं कर्ज काढतात.

‘आमचा बॉण्ड आहे’ हे उत्तर पुरेसं समजू नका. कॅलिफोर्नियात वाहन डीलरला ५०,००० डॉलरचा जामीनरोखा ठेवावा लागतो. ऐकायला बरा आकडा आहे. पण तो एका गिऱ्हाइकासाठी नसतो, डीलरकडून बुडालेल्या सगळ्यांत मिळून असतो. एका मोटरहोमची किंमत त्याहून जास्त, तर वाट्याला काय येणार?

इसार क्रेडिट कार्डाने द्या. वाद झाला तर कार्ड कंपनीकडे दाद मागता येते. इसारपावतीवर स्वच्छ लिहून घ्या: स्वतंत्र तपासणी समाधानकारक निघाली आणि बोजामुक्त टायटल मिळालं तरच सौदा, नाहीतर इसार पूर्ण परत. तोंडी ‘डोन्ट वरी’ला किंमत नाही.

कोणते नियम तुमच्या बाजूने नाहीत

मोटारीच्या डीलरकडे जुन्या गाडीच्या काचेवर ‘बायर्स गाइड’ नावाचा कागद चिकटवलेला तुम्ही पाहिला असेल. वॉरंटी आहे की ‘जशी आहे तशी’ विक्री आहे, हे त्यावर असतं. फेडरल ट्रेड कमिशनचा तो नियम ८,५०० पौंडांपेक्षा कमी एकूण वजनक्षमतेच्या वाहनांना लागू आहे, त्यामुळे बहुतेक मोटरहोम त्यातून सुटतात. तीन दिवसांत सौदा रद्द करण्याचा फेडरल हक्क डीलरच्या जागेवर केलेल्या खरेदीला नाही. सदोष गाडीबद्दल दाद देणारा लेमन लॉ मुख्यतः नव्या गाड्यांसाठी. आणि १६,००० पौंडांपेक्षा जास्त वजनक्षमतेच्या वाहनांना ओडोमीटरचं कायदेशीर निवेदनही माफ आहे. म्हणून मोठ्या, बससारख्या क्लास ए गाडीच्या टायटलवर मैलांच्या जागी ‘एक्झेम्प्ट’ दिसलं तर घोटाळा समजू नका, पण काट्यावरचा आकडाही वेदवाक्य मानू नका. सर्व्हिसच्या पावत्यांवरच्या तारखा आणि मैल जुळवून बघा.

एका गोष्टीने नेहमी गोंधळ होतो, ती म्हणजे दोन सालं. फोर्ड किंवा फ्रेटलायनरने चासी, म्हणजे इंजिन-चाकांचा सांगाडा, एका वर्षी बनवली, आणि इंडियानातल्या एल्कहार्टकडच्या कारखान्यात तिच्यावर घर पुढच्या वर्षी चढलं. व्हीआयएनचं दहावं अक्षर चासीचं साल सांगतं. जाहिरातीत २०१७ आणि व्हीआयएनमध्ये २०१६ यात फसवणूक असेलच असं नाही. मात्र भाव कोणत्या सालाने ठरतोय, विमा आणि कर्ज कोणत्या सालावर मिळतंय, हे एकच असू द्या. रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने दुरुस्तीला परत बोलावणं, बघतानाही चासीचे वेगळे आणि घराचे वेगळे, दोन्हीकडे शोधा.

बनवणाऱ्या कंपनीचा इतिहासही थोडा बघून ठेवा. फ्लीटवूड आणि मोनॅको या दोन मोठ्या कंपन्यांनी २००९ मध्ये दिवाळखोरीचे अर्ज केले. नावं पुढे दुसऱ्यांनी घेतली, पण त्याआधीच्या गाड्यांचे खास सुटे भाग शोधत बसावे लागतात. उलट विनेबागोने जुन्या मॉडेलांचे वायरिंगचे आणि नळांचे नकाशे सालवार उपलब्ध ठेवले आहेत. पंधरा वर्षं जुनी गाडी घेणाऱ्याला ही केवढी सोय आहे, ते एखादी मुकी तार शोधत बसलेल्यालाच कळेल.

पाणी शोधा

कन्साइनमेंटच्या गाडीची खरी अडचण ही की ती कुणीच तपासलेली नसते. डीलर स्वतः विकत घेतलेल्या गाडीवर आपल्या वर्कशॉपमध्ये खर्च करतो, कारण नफा-तोटा त्याचा. कन्साइनमेंटवरच्या गाडीला बहुधा फक्त अंघोळ घातली जाते. दुरुस्तीचा खर्च मालकाच्या वाट्यातून जायचा असतो, मालक दूर असतो, आणि निर्णय लोंबकळतो. शिवाय गाडी महिनोन्‌महिने एका जागी उभी. बॅटऱ्या उतरतात, जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल चिकट होऊन बसतं, टपावरच्या सांध्यांना तडे जातात आणि ते कुणी बघत नाही.

मोटरहोम मरते ती इंजिनाने क्वचित, पाण्याने बहुधा. बऱ्याच गाड्यांची भिंत म्हणजे बाहेर फायबरग्लासचा पातळ पत्रा, त्यामागे लुआन नावाचं पातळ प्लाय, मग फोम, आणि हे सगळं एकमेकांना डिंकाने चिकटवलेलं. पाणी आत शिरलं की प्लाय कुजतं, डिंक सुटतो आणि पत्रा फुगतो. याला डिलॅमिनेशन म्हणतात. ते समोरून दिसत नाही. गाडीच्या मागच्या कोपऱ्यात जा, गाल भिंतीला टेकेल इतके जवळ उभे राहा आणि लांबीच्या दिशेने नजर टाका, शक्यतो तिरपं ऊन असताना. भिंत आरशासारखी सरळ दिसायला हवी. कुठे पापडावर येतो तसा फुगवटा दिसला तर बोटाच्या पेराने ठोका. चांगल्या जागी ‘टक’ असा भरीव आवाज येतो, सुटलेल्या जागी ‘ढब’. दाबल्यावर पत्रा आत जाऊन परत येत असेल तर ती भिंत गेली. तिची दुरुस्ती हजारो डॉलरांत जाते आणि पूर्ववत क्वचितच होते.

पाणी आत शिरायच्या जागा ठरलेल्या आहेत. टपाच्या पुढच्या टोकावरचे छोटे नारिंगी दिवे, शिडीचे स्क्रू, एसीखालचं १४ बाय १४ इंचांचं भोक आणि त्याची गॅस्केट, बाथरूमवरची काच, खिडक्यांचे खालचे कोपरे, स्लाइड-आउटचे, म्हणजे बाहेर सरकणाऱ्या भागाचे, वरचे सांधे. क्लास सी, म्हणजे व्हॅनसारख्या केबिनच्या गाडीत, ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग सगळ्यांत बदनाम. तिथली गादी उचला, पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत अंगठा दाबा. लाकूड कडक लागलं पाहिजे. शिडीने टपावर जा, पण आधी टपावर चालता येतं का ते विचारा. सांध्यांवरचं सीलंट वाळलेल्या पुट्टीसारखं भेगाळलेलं असेल किंवा कडेने सुटलं असेल तर पाणी आत चाललंय असं धरा. नवं पांढरंशुभ्र सीलंट फक्त एकाच कोपऱ्यात दिसलं तर त्याखाली आत काय आहे ते आधी बघा.

तीस-चाळीस डॉलरला ओलावा मोजायचं मीटर मिळतं, ते न्या. लाकडात १५ टक्क्यांच्या आत आकडा असेल तर ठीक. २० च्या वर गेला की ओल आहे. पिनविना चालणारं मीटर भिंतीतल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खोटा मोठा आकडा दाखवतं, म्हणून एकाच जागेवर विसंबू नका, आजूबाजूचे आकडे ताडून बघा. कपाटांत तोंड घालून वास घ्या. अत्तराच्या पुड्या जागोजागी लटकवलेल्या असतील तर आणखी नीट घ्या.

थंडीच्या प्रदेशात गाडी घेत असाल तर एक मोठा सापळा आहे. हिवाळ्यात नळ गोठू नयेत म्हणून पाइपांत गुलाबी अँटिफ्रीझ भरलेलं असतं. त्यामुळे ‘आत्ता पाणी सोडता येणार नाही’ असं सांगितलं जातं. मग नळ, पंप, गीझर, टाक्या यांतलं काहीच तपासता येत नाही, आणि वसंतात पहिल्यांदा पाणी सोडलं की पलंगाखालचा फुटलेला सांधा कळतो. पैसे देण्यापूर्वी पाणी सोडून दाखवलंच पाहिजे, ही अट लेखी घाला. हवा तर पुन्हा अँटिफ्रीझ भरायचा खर्च आपण द्या.

वीज, गॅस आणि आपला स्वयंपाक

तपासणीच्या आदल्या दिवशी डीलरला सांगा की गाडी शोअर पॉवरला, म्हणजे बाहेरच्या विजेला, लावा आणि फ्रिज सुरू करा. गॅसवर आणि विजेवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज थंड व्हायला कित्येक तास घेतो आणि गाडी समतल उभी नसेल तर बिघडतो. तुम्ही गेल्यावर चालू केला तर काहीच कळणार नाही. मागची झडप उघडून पिवळट पूड किंवा अमोनियाचा वास आहे का बघा. असेल तर कूलिंग युनिट गेलं. डोमेटिक आणि नॉरकोल्डच्या अशा काही फ्रिजांवर आगीच्या धोक्यामुळे रिकॉल निघालेले आहेत. मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या आणि ती दुरुस्ती झाली का विचारा.

विजेचा हिशोब घेण्याआधीच करावा, कारण आपलं जेवण सँडविचवर भागत नाही. ३० अँपिअरची गाडी म्हणजे १२० व्होल्टवर ३,६०० वॉट. टपावरचा एसी साधारण १३ अँपिअर घेतो. १,८०० वॉटची इंडक्शन शेगडी १५. झाले २८. त्यात बॅटरी चार्ज होत असेल किंवा फ्रिज विजेवर असेल तर पोळ्या अर्ध्यावर असताना ब्रेकर पडणार. ५० अँपिअरच्या गाडीला १२० व्होल्टचे दोन फेज मिळतात, म्हणजे १२,००० वॉट. तिथे हा प्रश्न येत नाही. ३० ची गाडी घेतली तर कुकर गॅसवर आणि एसी विजेवर, अशी वाटणी करावी लागते. शेगडीवरचा पंखा हवा खरोखर बाहेर टाकतो का, हे बाहेरच्या झडपेला हात लावून बघा. काही गाड्यांत ती झडप प्रवासात उघडू नये म्हणून खिट्टीने बंद असते आणि वर्षानुवर्षं कुणी उघडलेली नसते. फोडणीचा धूर मग सगळा पडद्यांत मुरतो.

घराच्या बॅटऱ्या: भरलेली बॅटरी विश्रांतीला असताना १२.६ च्या आसपास व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली महिनाभर पडून राहिलेली लेड-ॲसिड बॅटरी चार्ज केल्यावर आकडा दाखवेल, पण दम धरणार नाही. चार्जर काढून सगळे दिवे आणि पंखा लावून अर्धा तास ठेवा, म्हणजे कळेल.

जनरेटरचे तास कमी असले की लोक खूष होतात. उलट आहे. दहा वर्षांत ९० तास चाललेला जनरेटर म्हणजे बहुतेक काळ बंद पडून राहिलेला. त्याला महिन्यातून एकदा निम्म्या भारावर तास-दोन तास चालवावं लागतं. एसी लावून किमान अर्धा तास चालवून बघा, आवाज खालीवर होत राहिला तर कार्ब्युरेटर चिकटला आहे. जनरेटर पेट्रोल गाडीच्याच टाकीतून घेतो आणि टाकी पावपर्यंत उतरली की मुद्दाम बंद पडतो, म्हणून जाण्याआधी टाकी अर्धी तरी असू द्या.

गॅसच्या गळतीसाठी दाब धरून ठेवण्याची चाचणी होते, ती तंत्रज्ञाकडून करून घ्या. साबणाच्या फेसावर भागवू नका. जमिनीलगतच्या गॅस डिटेक्टरची मुदत पाच-सात वर्षांची असते, तारीख मागच्या बाजूला. अग्निशामक नळकांडंही बघा. किडे कंपनीची प्लास्टिक हँडलची कोट्यवधी नळकांडी २०१७ मध्ये परत बोलावली गेली, आणि जुन्या आरव्हींत ती अजून भिंतीला टांगलेली सापडतात.

टायर, इंजिन, वजन

टायरची नक्षी शाबूत असते, पण वय झालेलं असतं. मोटरहोमचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन फुटतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी, सातनंतर बदलायचेच असं धरून किमतीतून सहा टायर वजा करा. मागच्या जोडीतला आतला टायर बघायला विसरू नका. तिथेच जुना ठेवलेला असतो.

इंजिन थंड असताना सुरू झालं पाहिजे. तुम्ही पोचण्याआधी ‘गरम करून ठेवलं’ असेल तर दुसऱ्या दिवशी या. हायवेवर ६५ मैलांच्या वेगाने अर्धा तास तरी चालवा. डिझेल गाडीचं तेल प्रयोगशाळेत पाठवा. तीस-चाळीस डॉलरांत तेलात कूलंट किंवा धातूचे कण आहेत का ते कळतं. एअर ब्रेक असतील तर दाब १२० पौंडांच्या आसपास चढवून इंजिन बंद करा. ब्रेक सोडलेले असताना मिनिटाला दोन पौंडांपेक्षा जास्त दाब उतरायला नको.

दाराजवळच्या पिवळ्या पट्टीवर किती सामान आणि माणसं चालतील तो आकडा असतो. पाणी गॅलनला ८.३ पौंड. १०० गॅलनची टाकी भरली की ८३० पौंड तिथेच संपले. आईवडील, मुलं आणि चार दिवसांचा शिधा घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला १,२०० पौंड भार पेलणारी गाडी पुरत नाही, मग ती कितीही सुंदर सजवलेली असो. परवान्याचंही बघा: कॅलिफोर्नियात ४० फुटांपेक्षा लांब गाडीला आणि टेक्सासमध्ये २६,००० पौंडांपेक्षा जड गाडीला बिगरव्यावसायिक क्लास बी परवाना लागतो.

हे सगळं स्वतः केल्यावरही स्वतंत्र निरीक्षक लावाच. एनआरव्हीआयए या आरव्ही निरीक्षकांच्या संघटनेचे प्रमाणित निरीक्षक मिळतात. गाडीच्या आकाराप्रमाणे काही शे ते दीड हजार डॉलर पडतात. निरीक्षक तुम्ही नेमायचा, डीलरने सुचवलेला नको. आणि अहवाल हातात आला की घासाघीस ‘जरा कमी करा’ अशी न करता यादी ठेवून करा: सहा टायर एवढे, बॅटऱ्या एवढ्या, टपाचं सीलिंग एवढं. डीलर ती यादी मालकाला पाठवू शकतो, आणि लेखी दोष समोर आल्यावर मालकालाही कळतं की पुढचं गिऱ्हाईक हेच सांगणार आहे. जमलं तर मालकाशी फोनवर बोलायला मागा. चासीची सर्व्हिस कुठे व्हायची, गळती कधी झाली होती का, गाडी उघड्यावर ठेवली की शेडमध्ये, याची उत्तरं डीलरला माहीतच नसतात. भाव बोलणार नाही असं आधी सांगितलं तर बरेच डीलर तयार होतात.

ताबा घेण्याच्या दिवशी वर्षअखेरीची घाई, लांबचा प्रवास, कंटाळलेली मुलं असा माहोल असतो आणि समोर कागदांची चवड येते. त्यात सर्व्हिस काँट्रॅक्ट, म्हणजे पैसे देऊन घ्यायची दुरुस्तीची हमी, हेही सरकवलेलं असतं. ते तिसऱ्या कंपनीचं असतं. काय वगळलंय ते वाचल्याशिवाय सही नको, आणि नंतर रद्द करता येतं का ते विचारा. विमा त्या दिवसापासून लागू झाल्याची खात्री चावी घेण्याआधी करा. बँकेला चेक पोचल्याची पावती आठवड्याभरात मागा आणि स्वतः बँकेला फोन करून कर्ज बंद झालं का विचारा. कर्जदाराची माहिती ते देणार नाहीत, पण पेऑफ तुमच्या चेकने आलंय म्हटल्यावर रक्कम मिळाली एवढं बहुधा सांगतात.

टायटल टपालाने आलं की लिफाफा फोडून लगेच तीन गोष्टी ताडा: व्हीआयएनची सतराच्या सतरा अक्षरं, लीनच्या रकान्यात फक्त तुमची बँक किंवा काहीच नाही, आणि तुमचं नाव. आपल्या तीन भागांच्या नावांचा तिथे फार घोळ होतो. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आडनाव म्हणून पडतं, लांब आडनाव शेवटी कापलं जातं, आणि मग परवान्यावरचं नाव आणि टायटलवरचं नाव दोन वेगळ्या माणसांची वाटतात. डीलरकडे तुमची फाइल उघडी आहे तोवर ही चूक एका फॉर्मने सुटते. पाच वर्षांनी गाडी विकायला काढाल तेव्हा तोच डीलर धंद्यात असेल की नाही, सांगता येत नाही.